छातीचा एक्स-रे वाचायला शिकताना
(मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांच्या पालकांसाठीही)

खरीफ सुरू झाला की सलालाहमधील आपली मराठी घरे भरून जातात. मस्कतहून नातेवाईक येतात, आणि पुण्या-मुंबईला, नाशिक-बेळगावला शिकणारी मुले जमेल तशी आठ-दहा दिवसांची सुट्टी काढून आई-वडिलांकडे येतात. गेल्या खरीफात असेच एका सभासदांकडे जेवायला जमलो होतो. बाहेर भुरभुर पाऊस, आत पिठलं-भाकरी. गप्पा रंगात आल्या असताना एका गृहस्थांनी खिशातून फोन काढला. त्यांच्या छातीच्या एक्स-रेचा त्यांनी फोटो काढून ठेवला होता. फोन हातोहात फिरत यजमानांच्या मुलीकडे पोहोचला, कारण ती एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे.

तिने फोटो दोन मिनिटे पाहिला आणि म्हणाली, "काका, मला अजून हे नीट वाचता येत नाही. आणि फोनवरच्या फोटोवरून सांगणं बरोबरही नाही. उद्या डॉक्टरांनाच दाखवा."

तिची आई जरा ओशाळली. "तीन वर्षं झाली की गं शिकायला लागून!" असे ती पुटपुटलीदेखील. मला मात्र त्या मुलीचे कौतुक वाटले. जेवणे आटोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारले, "काका, हे शिकायचं तरी कसं? वर्गात सर फिल्म लावतात, 'दिसतंय ना?' विचारतात, सगळे 'हो' म्हणतात. मला काहीच दिसत नसतं."

छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून माझे आयुष्य या काळ्या-पांढऱ्या सावल्या पाहण्यात गेले. त्या संध्याकाळी तिला जे सांगितले तेच थोडे विस्ताराने येथे देत आहे. आपल्या सभासदांची बरीच मुले आज वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. त्यांना हा लेख जरूर पाठवावा. ज्यांच्या घरात कोणी डॉक्टर होत नाही, त्यांनाही आपल्या फिल्मवर डॉक्टर इतका वेळ काय पाहत असतात, हे कळायला हरकत नाही.

आधी सावलीचे शास्त्र

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लागला. ते नेमके काय आहेत हे ठाऊक नसल्याने त्यांनी त्यांना अज्ञाताचे चिन्ह असलेले 'एक्स' हे नाव दिले. आपण मराठीत त्याला 'क्ष' म्हटले. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले.

एक्स-रे म्हणजे फोटो नव्हे, सावली आहे, ही गोष्ट विद्यार्थ्याने प्रथम मनात पक्की करावी. किरण शरीरातून आरपार जातात. वाटेत जे जितके दाट, ते तितके किरण अडवते आणि फिल्मवर तितके पांढरे उमटते. या हिशेबाने पाच छटा ओळखता याव्यात. हवा सर्वांत काळी. त्यानंतर चरबी करडी. पाणी, रक्त, स्नायू आणि हृदय हे सगळे जवळजवळ एकाच राखाडी-पांढऱ्या रंगाचे. हाड त्याहून पांढरे, आणि धातू सर्वांत पांढरा.

यातली तिसरी छटा फार फसवी आहे. फिल्मला रक्त, पू आणि पाणी यांतला फरक कळत नाही. म्हणून 'इथे पांढरे दिसते' एवढेच फिल्म सांगते. ते पांढरे न्यूमोनियाचे, क्षयाचे, गाठीचे की साचलेल्या पाण्याचे, हे त्याचा आकार, जागा, कडा आणि रुग्णाची हकीकत यांवरून ठरवावे लागते. सावली एका बाजूने पडते आणि छाती पुढून मागे चांगली जाड असते. त्यामुळे पुढची बरगडी, मधले फुफ्फुस आणि पाठीचा मणका हे सगळे एकावर एक येऊन एकाच पानावर छापलेले असते. तीन वर्तमानपत्रे एकावर एक धरून उजेडात वाचावीत, तसा हा प्रकार आहे. सुरुवातीला काही दिसत नाही यात विद्यार्थ्याचा दोष नाही.

वाचण्यापूर्वी पाच प्रश्न

फिल्म हाती आली की रोग शोधायला धावू नये. आधी ही फिल्म विश्वास ठेवण्याजोगी आहे का, ते पाहावे.

१. कोणाची व केव्हाची? नाव, वय, तारीख वाचावी आणि उजवी-डावीची खूण पाहावी. हे हास्यास्पद वाटेल, पण चुकीच्या माणसाची फिल्म अगदी बरोबर वाचली गेल्याचे प्रकार घडतात. काही माणसांचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते. खूण न पाहता 'फिल्म उलटी लागली' म्हणून ती फिरवून लावली, तर ते कधीच कळणार नाही.

२. किरण मागून पुढे गेले की पुढून मागे? पहिल्या प्रकाराला पी.ए. म्हणतात. रुग्ण उभा, छाती फिल्मला टेकवलेली, नळी सुमारे सहा फुटांवर. दुसरा प्रकार ए.पी., जो खाटेवरच्या आजारी रुग्णाचा काढावा लागतो. त्यात हृदय फिल्मपासून दूर राहते, म्हणून सावली मोठी पडते. भिंतीपासून हात जितका दूर, तितकी सावली मोठी, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी कंदिलासमोर खेळलेला आहे. ए.पी. फिल्मवरून 'हृदय मोठे झाले' असे सांगण्याची घाई करू नये.

३. श्वास पुरेसा घेतला होता का? श्वासपटलाच्या वर पुढच्या सहा किंवा मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या तर श्वास चांगला. अर्धा श्वास घेतलेला असेल तर फुफ्फुसाचा तळ आपोआप पांढुरका दिसतो आणि नवा विद्यार्थी तेथे न्यूमोनिया पाहतो.

४. रुग्ण सरळ उभा होता का? गळ्याखालच्या दोन हाडांची, म्हणजे क्लॅव्हिकलची, आतली टोके मणक्याच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर असावीत. नसतील तर रुग्ण वळलेला होता. मग एक बाजू काळी व दुसरी पांढरी दिसेल आणि त्यात रोग काहीच नसेल.

५. किरण पुरेसे होते का? हृदयाच्या सावलीतून मागचे मणके पुसटसे दिसावेत. अजिबात दिसत नसतील तर किरण कमी पडले, फारच स्पष्ट दिसत असतील तर जास्त झाले.

याच्या जोडीला आपल्याकडचे दोन नमुने लक्षात ठेवावेत. स्त्रियांची वेणी खांद्यावर राहिली तर फुफ्फुसाच्या शेंड्यावर डाग दिसतो, आणि तो हुबेहूब क्षयासारखा असतो. मंगळसूत्र काढायचे राहिले तर त्याचे मणी व वाट्या छातीच्या मधोमध उमटतात. स्तनाग्रांच्या सावल्याही गाठीसारख्या दिसू शकतात. शंका आली तर रुग्णाला परत बोलावून नीट पाहावे.

ठरलेली वाट

आता मुख्य वाचन. यातला नियम एकच: रोज त्याच वाटेने जावे. देवळात प्रदक्षिणा घालताना आपण मध्येच दिशा बदलत नाही, तसेच येथे. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ए, बी, सी, डी, ई अशी एक वाट सर्वत्र शिकवली जाते. ती अशी:

ए म्हणजे श्वासनलिका. ती मध्यभागी आहे का? महाधमनीच्या बाकाजवळ ती किंचित उजवीकडे झुकलेली असू शकते. खाली तिचे दोन फाटे नीट दिसतात का?

बी म्हणजे फुफ्फुसे आणि हाडे. दोन्ही फुफ्फुसांचे वरचा, मधला, खालचा असे तीन पट्टे मनाशी पाडावेत आणि डावे-उजवे, डावे-उजवे असे ताडून पाहत खाली उतरावे. देवाने दोन बाजू दिल्या आहेत त्या तुलनेसाठीच, असे आमचे एक शिक्षक म्हणत. नंतर बरगड्या, क्लॅव्हिकल, खवाट्याची व खांद्याची हाडे एकेक करून पाहावीत.

सी म्हणजे हृदय. पी.ए. फिल्मवर प्रौढ माणसाच्या हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नसावी. त्याच्या कडा रेखीव आहेत का? दोन्ही बाजूंना फुफ्फुसांचे देठ असतात. त्यातला डावा देठ बहुधा उजव्यापेक्षा थोडा वर असतो. हा क्रम उलटा दिसला तर काहीतरी ओढले गेले आहे.

डी म्हणजे श्वासपटल. उजवी कमान डावीपेक्षा किंचित वर असते. दोन्ही बाजूंचे कोपरे धारदार हवेत. कोपरा बोथट झाला तर तेथे पाणी साचल्याचा संशय घ्यावा. उभ्या फिल्मवर कोपरा बोथट दिसायला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे फिल्म स्वच्छ दिसली तरी थोडे पाणी लपून राहू शकते. डाव्या कमानीखाली जठरातल्या हवेचा फुगा असतो, तो नेहमीचाच. पण उभ्या फिल्मवर उजव्या कमानीखाली काळी चंद्रकोर दिसली, तर पोटात कोठेतरी आतड्याला भोक पडले असण्याची शक्यता आहे. छातीची फिल्म पाहताना पोटाचा जीवघेणा आजार सापडतो तो असा.

ई म्हणजे उरलेले सगळे. कातडीखालची हवा, नळ्या, तारा, पेसमेकर, शस्त्रक्रियेच्या खुणा, आणि फिल्मचे चारही कोपरे.

ही प्रदक्षिणा सुरुवातीला पाच मिनिटे घेईल. वर्षभराने एका मिनिटात होईल. पण क्रम तोच ठेवावा.

धुक्याचा नियम

आता थोडी गंमत. आपण जुलैमध्ये सलालाहून डोंगरावर चढतो तेव्हा काय होते? खाली शहरात असताना डोंगराची कड आभाळावर स्पष्ट कोरलेली दिसते. मग धुके उतरते आणि कड नाहीशी होते. डोंगर कोठे गेलेला नसतो, त्याला लागून त्याच्याच रंगाचे काहीतरी आलेले असते. पुढे थुमरेतच्या बाजूला धुके संपले की सगळ्या कडा पुन्हा लख्ख.

छातीच्या एक्स-रेतला सर्वांत उपयोगी नियम नेमका हाच आहे. हृदयाची कड आपल्याला दिसते, कारण पांढऱ्या हृदयाला लागून काळे, हवेने भरलेले फुफ्फुस असते. त्या भागात हवेऐवजी पू किंवा पाणी भरले की दोन पांढऱ्या वस्तू शेजारी येतात आणि मधली कड पुसली जाते. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील रेडिओलॉजिस्ट बेंजामिन फेलसन यांनी १९५० साली या खुणेला 'सिल्हूट साइन' हे नाव रूढ केले.

यावरून रोग कोठे आहे ते कळते. हृदयाची उजवी कड पुसली गेली असेल तर रोग उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडात. डावी कड पुसली असेल तर डाव्या वरच्या खंडाच्या जिभेसारख्या भागात, म्हणजे लिंग्युलात. श्वासपटलाची कड नाहीशी झाली असेल तर खालच्या खंडात. उलट, पांढरा भाग हृदयावर पसरलेला दिसतो पण हृदयाची कड मात्र शाबूत आहे, तर तो हृदयाला लागून नाही, मागे किंवा पुढे आहे. म्हणून 'पांढरे काय आहे?' याच्या जोडीला 'कोणती कड हरवली?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. वर्गात 'काही दिसत नाही' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हा एक प्रश्न पुष्कळ काही दाखवून जातो.

ओढले की ढकलले?

एका बाजूची छाती पूर्ण पांढरी आहे. पाणी भरले आहे की फुफ्फुस मिटले आहे? श्वासनलिकेकडे पाहावे. भरपूर पाणी असेल तर ती दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. फुफ्फुस मिटले असेल तर ती पांढऱ्या बाजूकडे ओढली जाते. उपचार दोन्हींचे अगदी वेगळे, आणि मिटलेल्या फुफ्फुसाच्या जागी पाणी समजून सुई घातली तर रुग्णाला इजा होईल.

याउलट एक बाजू जास्त काळी दिसली तर फुफ्फुसाभोवती हवा शिरली आहे का ते पाहावे. बरगड्यांच्या आतून जाणारी एक बारीक पांढरी रेघ आणि तिच्या पलीकडे रक्तवाहिन्यांच्या रेषा अजिबात नाहीत, ही त्याची खूण. येथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावून सांगतो. ही हवा दाबाने साठत चालली असेल, रुग्ण धापा टाकत असेल आणि रक्तदाब उतरत असेल, तर एक्स-रेची वाट पाहत बसायचे नाही. ते निदान रुग्णाकडे पाहून करायचे आणि हवा ताबडतोब मोकळी करायची.

चोरजागा, आणि माझी एक चूक

छातीच्या फिल्मवर काही जागा अशा आहेत की रोग तेथे हमखास लपतो. क्लॅव्हिकलच्या मागचे फुफ्फुसाचे शेंडे, हृदयाच्या मागचा भाग, देठांचा परिसर, श्वासपटलाच्या कमानीखाली उतरलेला फुफ्फुसाचा भाग आणि फिल्मच्या कडा. मी यांना चोरजागा म्हणतो. ठरलेली वाट संपली की या पाच ठिकाणी पुन्हा एक फेरी मारावी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. मी महाराष्ट्रातील एका सरकारी रुग्णालयात नवाच निवासी डॉक्टर होतो. रात्रीच्या पाळीत ताप आणि खोकला असलेला एक मजूर आला. फिल्मवर उजव्या तळाशी न्यूमोनिया अगदी ठसठशीत दिसत होता. 'सापडले!' या आनंदात मी औषधे लिहिली, पाच-सहा दिवसांत त्याचा ताप उतरला आणि तो घरी गेला. चार महिन्यांनी तोच माणूस खोकल्यातून रक्त पडते म्हणून परत आला. आमच्या वरिष्ठांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी-शेजारी लावली. जुन्या फिल्मवर डाव्या क्लॅव्हिकलच्या मागे क्षयाचा डाग होता. लहान होता, पण होता. त्या चार महिन्यांत त्याच्या दोन मुलांपैकी धाकटीला क्षय झाला होता. पुढे उपचारांनी बाप-लेक दोघेही बरे झाले. मला कोणी रागावले नाही. वरिष्ठ एवढेच म्हणाले, "एक चोर पकडला की पोलिसाने घरी जायचं नसतं."

पुढे वाचनात आले की या चुकीला शास्त्रात नावच आहे. एक गोष्ट सापडली की समाधान होते आणि शोध थांबतो. अनुभवी माणसेही यातून सुटत नाहीत. कॅलिफोर्नियातील रेडिओलॉजिस्ट हेन्री गार्लंड यांनी १९४९ साली दाखवून दिले होते की रोग असलेल्या छातीच्या फिल्मपैकी जवळजवळ एक तृतीयांश फिल्ममध्ये तो तज्ज्ञांच्याही नजरेतून निसटतो. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक चमत्कारिक प्रयोग केला. फुफ्फुसाच्या सी.टी. स्कॅनमध्ये त्यांनी एका गोरिलाचे चित्र बसवले आणि २४ रेडिओलॉजिस्टना त्यात बारीक गाठी शोधायला सांगितले. त्यांपैकी २० जणांना गोरिला दिसलाच नाही! जे शोधतो तेवढेच डोळ्यांना दिसते. म्हणूनच ठरलेल्या वाटेचा एवढा आग्रह.

व्हिसाची फिल्म

आखाती देशांत नोकरीसाठी येणाऱ्या प्रत्येकाची छातीची फिल्म काढली जाते, हे आपणा सर्वांना अनुभवाने माहीत आहे. मुख्य हेतू क्षयरोग शोधणे हा. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्या भारतात आहेत, तेव्हा या तपासणीचे कारण समजण्यासारखे आहे.

ही फिल्म वाचणाऱ्याच्या हातात काय असते याचा विद्यार्थ्यांनी जरूर विचार करावा. समजा, तो बांधकामावरचा तरुण आहे. गावी जमीन गहाण टाकून आलेला. फिल्मवर शेंड्याजवळ चार रेषा आहेत. त्या लहानपणी होऊन बरा झालेल्या क्षयाचे व्रण असतील, तर उगाच 'रोग आहे' म्हटल्याने त्याची नोकरी जाईल आणि घर कर्जात बुडेल. तो रोग जिवंत असेल आणि आपण 'ठीक आहे' म्हटले, तर त्याच्या खोलीत झोपणाऱ्या सात-आठ जणांना धोका. निव्वळ फिल्मवरून व्रण जुना की रोग जिवंत हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून बेडक्याची तपासणी करावी लागते आणि जुनी फिल्म मागवावी लागते. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर त्याच रेषा तशाच असतील तर बराचसा प्रश्न सुटतो.

क्षयाचे नेहमीचे चेहरे विद्यार्थ्याने ओळखायला शिकावे. वरच्या भागातले डाग, त्यात पोकळी, एका बाजूला साचलेले पाणी, सुजलेल्या गाठी. आणि सर्व फुफ्फुसभर सारखे पसरलेले बारीक ठिपके, ज्याला मिलिअरी म्हणतात. लॅटिनमध्ये 'मिलियम' म्हणजे आपल्या राळ्यासारखे बारीक धान्य. ठिपके एक ते तीन मिलिमीटरचे. राळ्याचे दाणे काळ्या घोंगडीवर सांडावेत तसे दिसते. मात्र फिल्म स्वच्छ आहे म्हणजे क्षय नाहीच, असेही समजू नये. तो फुफ्फुसाबाहेरही असतो आणि सुरुवातीला दिसतही नाही.

सराव कसा करावा?

मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजीची पाळी काही आठवड्यांचीच असते. तेवढ्यात हे येत नाही. पुढील सवयी लावून घ्याव्यात.

१. प्रथम निरोगी फिल्म पाहाव्यात, निदान शंभर तरी. नोटा मोजणाऱ्या कॅशियरला खोटी नोट बोटांना कळते, कारण त्याने हजारो खऱ्या नोटा हाताळलेल्या असतात. निरोगी छातीही माणसागणिक थोडी वेगळी असते. ते वेगळेपण ओळखीचे झाले की रोग आपोआप खटकतो.

२. अहवाल झाकून ठेवावा. आधी स्वतःचे मत तीन-चार ओळींत कागदावर लिहावे आणि मगच अहवाल उघडावा. नुसते मनात ठरवले तर उत्तर पाहिल्यावर 'मला हेच वाटले होते' असे मन खोटे बोलते. कागद खोटे बोलत नाही.

३. जे दिसते त्याचे आधी वर्णन करावे. 'उजव्या खालच्या भागात पांढरी छाया, कड अस्पष्ट, उजव्या श्वासपटलाची रेघ पुसलेली' असे. निदानाचे नाव शेवटी. तोंडी परीक्षेतही वर्णन बरोबर असेल तर निदान चुकले तरी परीक्षक सांभाळून घेतात.

४. फिल्म पाहिली की वॉर्डात जाऊन त्याच रुग्णाची छाती तपासावी. बोथट कोपऱ्याच्या जागी ठोकून पाहिल्यावर जो जड आवाज येतो, तो एकदा बोटांना कळला की आयुष्यभर विसरत नाही.

५. चुकांची वही ठेवावी. तारीख, काय निसटले, का निसटले. सहा महिन्यांनी वही वाचली की आपला डोळा कोठे आंधळा आहे ते कळते.

६. मागची फिल्म मागितल्याशिवाय मत देऊ नये.

संगणक आल्यावर कशाला शिकायचे?

हा प्रश्न हल्ली मुले हमखास विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचणीत फिल्म वाचण्यासाठी संगणकीय प्रणाली वापरण्यास मान्यता दिली. जेथे रेडिओलॉजिस्टच नाही अशा ठिकाणी याचा मोठा उपयोग आहे. पण संगणक 'संशय आहे' एवढेच सांगतो. पुढची तपासणी कोणती, रुग्णाला काय सांगायचे आणि संगणक चुकला तर ते ओळखायचे कोणी? जो स्वतः वाचू शकतो, तोच संगणकाची चूक काढू शकेल. कॅल्क्युलेटर आले म्हणून आपल्या मुलांचे पाढे आपण बंद केले नाहीत.

थोडा पैशाचा हिशेब

पालकांसाठी दोन शब्द. हे शिकायला महागडे वर्ग लावण्याची गरज नाही. फेलसन यांच्या नावाचे प्रश्नोत्तर पद्धतीचे छातीच्या एक्स-रेवरील पुस्तक आहे. ते कॉलेजच्या ग्रंथालयात पाहावे किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून जुनी प्रत घ्यावी. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एक लाखाहून अधिक छातीच्या फिल्म सर्वांना मोफत खुल्या केल्या. त्यांवरील निदानाच्या चिठ्ठ्या संगणकाने अहवालांवरून लावलेल्या असल्याने त्यांत चुका आहेत. सरावाला त्या ठीक, उत्तर म्हणून प्रमाण मानू नयेत.

आणि आपल्या सर्वांसाठी: जुन्या फिल्म, सी.डी. आणि अहवाल फेकू नका. फायलीत तारखेनुसार लावून ठेवा. पूर्वी क्षय होऊन बरा झाला असेल तर उपचार पूर्ण केल्याचा दाखला पासपोर्टइतकाच जपून ठेवा. एक जुनी फिल्म कधीकधी महागड्या सी.टी. स्कॅनचा खर्च वाचवते. एक्स-रेच्या किरणांची भीतीही फार बाळगू नये. छातीच्या एका पी.ए. फिल्मला सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट इतके किरण लागतात. जमीन, हवा आणि आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक फिल्म साधारण तीन दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढी. विनाकारण काढू नये, पण डॉक्टरांनी सांगितली तर टाळूही नये. गर्भवती असल्यास किंवा तशी शंका असल्यास मात्र आधी सांगावे.

शेवटी

त्या रात्रीचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी मूळ फिल्म घेऊन डॉक्टरांकडे गेले. फोनवर जो डाग वाटत होता ती छताच्या ट्यूबलाइटची चमक होती. पण श्वास अपुरा घेतल्याने फिल्म पुन्हा काढावी लागली. ती स्वच्छ निघाली. त्या मुलीने 'काही नाही, नॉर्मल आहे' म्हटले असते तरी योगायोगाने ते बरोबरच ठरले असते. आणि 'डाग दिसतोय' म्हटले असते तर त्या घरात कोणी रात्रभर झोपले नसते.

'मला अजून येत नाही' हे तिचे वाक्य मला या विद्येची पहिली पायरी वाटते. पुढच्या पायऱ्या सरावाच्या आहेत, आणि त्या कोणालाही चढता येतात. पुढच्या खरीफात ती आली की आपली चुकांची वही घेऊन येणार आहे, असे कबूल करून गेली आहे. इतर घरांतील मुलांनीही आपापली वही आणावी. चहा आमच्याकडे.